चौतीस नावांची पट्टी

सोमवारी सकाळी नऊ ते अकरा मी फोन घेत नाही. हे घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे. त्या दोन तासांत मी सर्च इंजिनात ठरलेले शब्द एकेक करून टाकतो आणि आमच्या गिऱ्हाइकांच्या वेबसाइट कितव्या नंबरावर आल्या ते वहीत लिहितो. काजू होलसेल : सात. कोल्हापुरी चप्पल : दोन. पंपाचे कास्टिंग : अकरा. या धंद्यात येण्याआधी मी एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात होतो. रोज किती ऊस गाळला आणि त्यातून साखरेचा उतारा किती पडला, हे दशांशापर्यंत लिहायचं काम होतं. कारखाना सुटला, ती सवय सुटली नाही.

लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस विचारतो, "पावणं, काय करता?" मी सांगतो, सर्च इंजिनानं शिक्षा केलेल्या वेबसाइट परत वर आणतो. तो दोन घास खातो आणि म्हणतो, "म्हंजे कंप्युटरातलं भूत उतरवता म्हणा की." पूर्वी मी त्याला समजावून सांगत बसायचो. आता मान डोलावतो आणि तांबडा रस्सा वाढून घेतो. इथं मात्र वाचकांना नीट सांगायला हवं.

समजा, एसटी स्टँडावर एक परगावचा माणूस उतरला आणि त्यानं विचारलं, चांगलं मटण कुठं मिळेल? दहा वेगवेगळ्या माणसांनी एकाच खानावळीचं नाव घेतलं, तर तो तिकडं जाणार. सर्च इंजिन हेच करतं. एका साइटवरून दुसऱ्या साइटकडं जो दुवा दिलेला असतो, त्याला आम्ही लिंक म्हणतो. ती म्हणजे शिफारस. जितक्या शिफारशी जास्त आणि जितकी शिफारस करणारी माणसं विश्वासाची, तितका नंबर वर. आता खानावळवाल्यानं आपलीच माणसं स्टँडावर उभी केली आणि हे कळलं, तर पुढं त्या खानावळीचं नावच कुणी घेणार नाही. शिक्षा म्हणतात ती हीच. दंड भरावा लागत नाही, नोटीस येत नाही. साइट जागेवर असते, पत्ता टाकला तर उघडते. फक्त शोधणाऱ्याला दिसत नाही.

शिक्षा झाली आहे की नाही हे ओळखणं हे अर्धं काम. साइट घसरली म्हणजे शिक्षाच झाली असं नाही. मी आधी दुकानाचं पूर्ण नाव टाकून बघतो. ज्या नावाचं जगात दुसरं दुकान नाही, ते नाव टाकूनही साइट येत नसेल तर संशय धरायचा. मग या साइटची किती पानं तुझ्याकडं आहेत, असं मशीनलाच विचारायचं. तशी सोय असते. उत्तर शून्य आलं की खात्री झाली. उत्तर भरपूर आलं, तर दुखणं दुसरंच काहीतरी.

जोतिबाच्या वाटेवर एका लॉजवाल्याची साइट अशीच नाहीशी झाली होती. पान उघडलं तर खाली वीतभर कोरी पांढरी जागा. माऊसनं ओढून बघितलं तर त्या पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'लॉज' हा एकच शब्द चारशे बारा वेळा लिहिलेला. मी मोजला.

"पांढऱ्यावर पांढरं लिवलंय, कुणाला दिसतंय?" लॉजवाले म्हणाले.

"मशीनला दिसतं."

"मशीनला डोळं असत्यात व्हय?" त्यांनी जरा विचार केला. "आणि दिसलं तर वाईट काय हाय? लॉजच हाय की आमचा."

ते पुसलं, सर्च इंजिनाकडं अर्ज केला, आणि दीड महिन्यानं लॉज परत दिसू लागला. दुसरे एक स्पेअरपार्टवाले आले. त्यांची साइट कधी दिसायची, कधी नाही. मी दोन आठवडे डोकं खाजवलं. मग कळलं, दर सोमवारी ते साइट बंद ठेवत होते. "सोमवारी सगळी पेठ बंद असती. आमचंच चालू ठिवलं तर शेजारी काय म्हणतील?" मशीन बिचारं सोमवारी यायचं आणि बंद दार बघून परत जायचं. इथं शिक्षा नव्हती, शेजारधर्म होता.

अशी प्रकरणं मी पन्नासावर सोडवली आणि त्यांबद्दल मला अभिमान आहे. पण ज्या प्रकरणानं मला हे काम शिकवलं, त्यात चूक गिऱ्हाइकाची नव्हती. माझी होती.

२००६ सालच्या उन्हाळ्यानंतरची गोष्ट. चंदगड तालुक्यात सुवर्णाक्कांचा काजूचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. काजूच्या बिया वाफवायच्या, फोडायच्या, आतला गर सोलून प्रतवारी लावायची. बावीस बायका पाटावर बसून हे काम करत. नवऱ्याला अर्धांगवायू झाल्यापासून सगळा कारभार अक्काच बघत. घरी कानडी, शेडमध्ये मराठी. फोनवर मला 'अण्णा' म्हणायच्या, मी त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान असूनही.

त्या भागातला सगळा काजू दोन-तीन व्यापारी घेत आणि भाव तेच ठरवत. अक्कांना ते मोडायचं होतं. म्हणून त्यांनी माझ्याकडून साइट करून घेतली. साइटवर पुण्याचे, सुरतेचे मिठाईवाले येऊ लागले. कोण काय विचारतंय ते मी रोज दुपारी तीन वाजता अक्कांना फोनवर वाचून दाखवायचो, आणि त्या उत्तर सांगायच्या. दोन दिवाळ्या त्यांनी व्यापाऱ्याला पोतंसुद्धा दिलं नाही. त्यावरच त्यांनी बावीस बायकांना बारमाही काम देते असा शब्द दिला होता. तोवर त्या भागात काजूचं काम म्हणजे चार महिने. मग बायका गोव्याकडं बांधकामावर जात.

जुलैच्या पहिल्या सोमवारी मी वहीत 'काजू होलसेल' लिहिलं आणि पुढं नंबर लिहायला काही सापडेना. तीनवर असायची ती साइट पहिल्या शंभरात नव्हती. पूर्ण नाव टाकलं, नाही. पानं विचारली, शून्य.

दिवाळीच्या मिठाईचा काजू ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ठरतो. म्हणजे हातात जेमतेम दहा आठवडे होते. मी अक्कांना सांगितलं, "मशीननं काहीतरी बदल केलाय. थोडं थांबू, आपोआप येईल." हे वाक्य मी कशाच्या आधारावर बोललो, ते आजही मला सांगता येत नाही. आधार नव्हता. एकोणीस दिवस मी अक्कांच्या साइटमध्येच दोष शोधत राहिलो. मजकूर बघितला, चित्रं बघितली. सगळं स्वच्छ. दुपारी तीनच्या फोनला वाचून दाखवायला काही नसायचं. अक्का म्हणायच्या, "आज बी कोण न्हाय? बरं, र्‍हाऊ दे." एकदाही आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

विसाव्या दिवशी मी नेहमी करतो ते केलं, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. सगळ्या सदतीस गिऱ्हाइकांचा तक्ता मांडला. जूनमध्ये कोण कुठं होतं, आता कोण कुठं आहे. सव्वीस साइट घसरल्या होत्या. त्यांतल्या अकरा अजिबात दिसत नव्हत्या. तेव्हा मी सगळ्यांत काय सारखं आहे ते शोधायचं सोडून, ज्या घसरल्या नाहीत त्यांत काय वेगळं आहे ते बघितलं. अशा अकरा होत्या. आठ एखाद-दुसरा नंबर हलल्या होत्या, तीन अगदी जिथल्या तिथं होत्या. एक दातांचे डॉक्टर, एक वकील आणि उद्यमनगरातले एक फौंड्रीवाले. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. फक्त एकच गोष्ट सारखी होती. त्यांनी माझी पट्टी लावून घ्यायला नकार दिला होता. फौंड्रीवाले तर म्हणाले होते, "माझ्या भिंतीवर दुसऱ्याची पाटी कशाला?"

ही पट्टी कशी आली ते सांगतो. आपल्याकडं लग्नपत्रिका कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे. खाली भाऊबंद, सोयरे, मित्रमंडळ, सगळ्यांची नावं. एखाद्याचं नाव राहिलं तर तो माणूस लग्नाला येतो, जेवतो, आणि पुढं दहा वर्षं बोलत नाही. माझी पहिली दोन गिऱ्हाइकं एकमेकांचे मित्र. त्यांनी सांगितलं, आमच्या साइटच्या खाली एकमेकांची नावं टाका, 'आमचे स्नेही' म्हणून. टाकली, लिंकसकट. तिसऱ्यानं ते बघितलं आणि म्हणाला, "आमचं नाव न्हाय वाटतं तिथं? आम्ही काय परकं?" मग त्याचं टाकलं. त्यानंतर मी विचारणंच बंद केलं. नवीन साइट झाली की तिचं नाव सगळ्यांच्या पट्टीत. चौतीस साइट, प्रत्येकीवर बाकीच्या तेहेतीसांची नावं, पानापानावर. गुणाकार केला तर एक हजार एकशे बावीस शिफारशी, प्रत्येक साइटवर पट्टी एकदाच धरली तरी.

माणसाच्या नजरेनं ही आपुलकी होती. मशीनच्या नजरेनं बघा. चप्पलवाला काजूची शिफारस करतो, काजूवाली मंगल कार्यालयाची, मंगल कार्यालय बोअरवेलवाल्याची. साइट सगळ्या एकाच संगणकावर ठेवलेल्या, म्हणून सगळे एकाच ठिकाणाहून बोलतात आणि सगळ्यांच्या तोंडी तीच नावं, त्याच क्रमानं. स्टँडावर उभी केलेली माणसं ती हीच. ज्यांना बाहेरच्या खऱ्या शिफारशी होत्या, अशा आठजणांच्या साइट तरल्या. अक्कांना तालुक्याबाहेरची एकही शिफारस नव्हती. म्हणून त्या सगळ्यांत खोल गेल्या.

मी त्याच दुपारी अक्कांना फोन करून सांगितलं. चूक माझी आहे, एकोणीस दिवस मी चुकीच्या जागी शोधत होतो, हेही सांगितलं.

"म्हंजे माझी साइट तुमच्यामुळं गेली."

"होय."

"आणि येईल ती बी तुमच्यामुळंच?"

"येईल. कधी ते सांगता येत नाही."

"मग फोन ठेवा अण्णा, कामाला लागा."

इलाज साधा होता, सगळीकडची पट्टी काढायची. नुसती अक्कांची काढून भागणार नव्हतं, कारण बाकीच्या तेहेतीसांवर त्यांचं नाव होतंच. चौतीस साइटच्या किल्ल्या माझ्याकडं होत्या. सौ. म्हणाली, "एका दुपारचं काम आहे. करून टाका की." पण साइट ज्याची त्याच्या मालकीची. पट्टी लावताना मी धोका सांगितला नव्हता, आता न सांगता काढली तर तीच चूक दुसऱ्यांदा. मी स्कूटर काढली आणि दुकानं फिरायला लागलो.

चार दिवसांत नऊ दुकानं झाली आणि एकही होकार मिळाला नाही. घसरलेले लोकसुद्धा तयार नव्हते. सगळ्यांचं एकच म्हणणं. दुसऱ्याचं नाव आपण आपल्या हातानं काढायचं म्हणजे संबंध तोडल्यासारखं. "त्यांनी आमचं काढू दे, मग आम्ही त्यांचं काढतो." आणि पलीकडचाही तेच म्हणत होता. आधी त्यांनी सुरुवात करू दे म्हणून सगळ्यांचं बोट शेवटी महाद्वार रोडच्या बापूसाहेबांकडं. माझं पहिलं गिऱ्हाईक, तीन पिढ्यांचं चप्पलांचं दुकान, पेठेतल्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांची साइट तरलेल्यांत होती.

"चौगुले," बापूसाहेब मला म्हणाले, "मला काय झालंय? दोन नंबरला हाय मी."

"तुम्हाला नाही झालं. बाकीच्यांना झालंय."

"मग बाकीच्यांची नावं मी काढू? उद्या पेठेत म्हणतील, बापू वर गेला आणि पोरांना खाली ढकललं. जमायचं न्हाय. दुसरं काय असंल तर सांगा. चहा घेणार?"

चहा घेतला आणि घरी आलो. संध्याकाळी अक्कांना जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला त्या कोल्हापूरच्या स्टँडावर हजर. पहाटेची एसटी धरून, धो धो पावसात, हातात अर्धा किलो काजूगराची पिशवी. "चला, कुठं बसत्यात तुमचे बापूसाहेब?"

बापूसाहेबांनी त्यांना कधी बघितलं नव्हतं. नाव मात्र दोन वर्षं त्यांच्या साइटवर होतं. मी ओळख करून दिली. अक्कांनी पिशवी गल्ल्याशेजारी ठेवली आणि बसायला सांगण्याची वाट न बघता बसल्या.

"तुमच्या पट्टीत सोळावं नाव माझं हाय," त्या म्हणाल्या.

"व्हय की अक्का. मानानं लिवलंय."

"ते काढा."

बापूसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. "ह्यांनी शिकवून आणलंय काय तुम्हाला?"

"ह्यांना शिकवता आलं असतं तर मला एसटीत पाच तास बसावं लागलं नसतं. तुम्ही काढणार नव्हता, ते बरोबर हाय. दुसऱ्याचं नाव कोण काढंल? पण माझं नाव माझं हाय. मी मागून घेते. तुम्ही दोन वर्षं लिवलं, उपकार झाले. आता त्या नावामुळं माझ्या बावीस बायका घरी बसायची वेळ आलीया."

बापूसाहेबांनी काजूची पिशवी उचलून आत ठेवली. मग म्हणाले, "घरी आलेल्या लेकीनं मागितलं तर न्हाय कसं म्हणणार? चौगुले, काढा ह्यांचं नाव." आणि जरा थांबून, "आणि माझं बी काढा, सगळ्यांकडचं. मी मागतोय म्हणून सांगा."

मी नऊ दुकानं चुकीचा प्रश्न विचारत फिरलो होतो. दुसऱ्याचं नाव काढता का, असं विचारत होतो. आता एका ओळीचा कागद तयार केला : 'माझे नाव सर्वांच्या पट्टीतून काढावे, ही विनंती.' खाली पहिली सही बापूसाहेबांची, दुसरी अक्कांची. सहा दिवसांत चौतीस सह्या झाल्या. कुणी कुणाचं नाव काढलं नाही. प्रत्येकानं आपापलं मागून घेतलं. एका मंगल कार्यालयवाल्यानं तेवढं टोमण्यात विचारलं, "पत्रिकेतनं नाव काढताय, जेवायला तरी बोलवणार न्हवं?"

पट्टी काढायला खरंच एक दुपार लागली. मग सर्च इंजिनाकडं पुनर्विचाराचा अर्ज. पहिला मसुदा दोन पानांचा झाला. त्यात कोल्हापूरच्या माणसांचा स्वभाव, आपुलकी, सगळं होतं. सौ. शिक्षिका आहे. तिनं वाचून परत दिला. "मुलं उशिरा येतात तेव्हा अशीच चिठ्ठी आणतात. काय केलं आणि ते थांबवलं का, एवढंच लिहा." मग सहा ओळी लिहिल्या. पट्टी मी लावली. साइटमालकांना धोका माहीत नव्हता. एक हजार एकशे बावीस लिंक होत्या. आता शून्य आहेत. तपासून बघावे. असे चौतीस अर्ज, एकेका साइटचा वेगळा.

उत्तर येत नाही. या कामातली सगळ्यांत अवघड गोष्ट हीच. पलीकडं कुणी वाचलं का, तेही कळत नाही. वाट बघत बसण्यापेक्षा मी अक्कांच्या साइटवर दोन वर्षांत आलेल्या सगळ्या चौकशा काढल्या. त्रेसष्ट पत्ते निघाले. प्रत्येकाला वेगळं पत्र लिहिलं, त्यानं मागच्या वेळी काय विचारलं होतं ते वाचून. नऊजणांनी माल घेतला. त्यावर शेड चालू राहिली, पण पूर्ण नाही. ऑगस्टअखेर अक्कांनी निम्मा काजू व्यापाऱ्याला त्याच्या भावानं दिला आणि बावीसपैकी आठ बायकांना गणपतीनंतर येऊ नका म्हणून सांगितलं. हे त्यांनी मला तीनच्या फोनवर सांगितलं, जसं एखाद्या चौकशीचं उत्तर सांगावं तसं.

साइट परत आली ती दिवाळी होऊन दुसऱ्या आठवड्यात. आधी एक्केचाळीसवर, मग सतरावर, फेब्रुवारीत सहावर. आपोआप नाही, चंदगडच्या काजूची एका शेतीच्या मासिकानं आणि पुण्याच्या दोन मिठाईवाल्यांनी आपापल्या साइटवरून खरी शिफारस केली, त्यासाठी मी त्यांच्याकडं खेपा घातल्या. बाकीच्या पंचवीस घसरलेल्याही वर्षभरात वर आल्या. तेव्हापासून माझ्या हातून एकाही साइटला शिक्षा झालेली नाही, आणि दुसऱ्यांच्या हातून झालेल्या मी परत आणतो. कशी आणायची हे मला येतं. त्याबद्दल मला शंका नाही.

पुढच्या मार्चमध्ये नवा काजू सुरू झाला तेव्हा मी पहिल्यांदा चंदगडला गेलो. शेडमध्ये बायका ओळीनं बसल्या होत्या, हाताला चीक लागू नये म्हणून राख चोळून. मी सवयीनं मोजल्या. एकोणीस.

"आठांतल्या पाच आल्या," अक्का म्हणाल्या. "तिघी गोव्याला गेल्या त्या तिकडंच र्‍हायल्या. एकीनं पोराला तिकडच्याच शाळेत घातलंय."

"नव्या तीन घ्या की, आता चौकशा भरपूर आहेत."

"घेईन. पण त्या तिघींना मी बारा महिन्यांचा शब्द दिलता, अण्णा. नव्यांना न्हवता दिला." मग त्यांनी तिघींची नावं सांगितली. मी विचारली नव्हती.

नवं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : साइट परत येते का? येते, असं मी खात्रीनं सांगतो, आणि आजवर ते खोटं ठरलेलं नाही. मग ते विचारतात, म्हणजे नुकसान काहीच नाही? तेव्हा मी त्यांना गंगूबाई, शेवंता आणि मल्लव्वा ही तीन नावं सांगतो, आणि मग कामाला लागतो.